ज्याला सगळं शक्य आहे, त्यालाच बाप म्हणायचं?

प्रभूच्या नावात सलाम, ताई.

तुमची ओळख पटेल असा सगळा मजकूर मी पत्रातून काढला आहे. बाकीच्या वाचकांसाठी त्याचा गाभा थोडक्यात देते. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात. वडिलांना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मान होता, पण घरात ते हात उगारायचे. त्यांची पावलं वाजली की तुम्ही आणि धाकटा भाऊ जिथे असाल तिथे गप्प व्हायचात. दोन वर्षांपूर्वी तो भाऊ आजारात गेला. उपास झाले, रात्रभर प्रार्थना झाल्या. अंत्यविधीनंतर एकाने ‘देवाची इच्छा’ म्हटलं, दुसऱ्याने ‘विश्वास कमी पडला’ म्हटलं. तेव्हापासून उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या शब्दांना तुमचे ओठ मिटतात. तुम्ही लिहिलंत, ‘देव प्रेमळ आहे हे मी मानते, पण सगळं त्याच्या हातात आहे हे मानणं मी सोडलं. दोन्ही खरं असेल तर मला त्याच्याकडे बघवणार नाही.’ हे पाप आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. आणि आता थकलेले वडील भेटायला बोलावतात, तर जाऊ का, हा दुसरा.

पापाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे ती धाकधूक बाजूला होईल. दुःखात बुडालेल्या माणसाने देवाशी भांडणं, त्याच्याबद्दल काही काळ काहीच ठरवता न येणं, याबद्दल मी तुमच्यावर दोष ठेवणार नाही. पवित्र शास्त्रच ठेवत नाही. संदेष्टा यिर्मया देवाला म्हणतो, तू मला फसवलंस. 44 व्या स्तोत्रात लोक देवाला विचारतात, प्रभू, तू झोपलास का, जागा हो. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात जपलं गेलं. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग कोणावर पेटतो? आक्रोश करणाऱ्या ईयोबावर पेटत नाही. देवाची बाजू घेऊन त्याला नीटनेटकी उत्तरं देणाऱ्या मित्रांवर पेटतो.

पण तुम्ही मनाशी जी तडजोड केलीत, तिच्याशी मला वाद घालायचा आहे, कारण ती तुम्हाला फार दिवस धरून ठेवणार नाही असं मला मनापासून वाटतं. त्या तडजोडीत उरलेला देव कसा आहे ते बघा. तो तुमच्या भावाच्या उशाशी बसला होता, रडत होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. सुरुवातीला असा देव जवळचा वाटतो, हे मला समजतं. निदान त्याच्यावर रागावं लागत नाही. पण मग भावाच्या कबरीवर शेवटचा शब्द कोणाचा? आजाराचाच. रडणारा पण असहाय देव मेलेल्याला उठवू शकत नाही. तुमच्या भावाबद्दल ख्रिस्ती विश्वासाने दिलेली सगळ्यात मोठी आशा त्या तडजोडीत हातातून जाते.

आणि दुसरं. मला अशी शंका आहे की तुम्हाला देवाच्या सार्वभौमत्वाची भीती वाटत नसावी. तुम्हाला त्या घरातल्या सत्तेची भीती वाटते. सगळं ज्याच्या हातात आहे असा एकच बाप तुम्ही जवळून पाहिलात, आणि त्याच्या हातात असणं म्हणजे मार खाणं होतं. मग ‘सर्वसमर्थ पिता’ हे शब्द ऐकले की मन दुसरं कोणतं चित्र काढणार? म्हणून आधी त्या चित्राबद्दल बोलू. भावाच्या मृत्यूचा प्रश्न त्यानंतर.

देवाला पिता म्हणायला येशूने शिकवलं तेव्हा त्याने आपल्या वडिलांना मोठं करून त्यांचा देव बनवायला सांगितलं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तो बापांबद्दल बोलतो तेव्हा ऐकणाऱ्यांना सरळ म्हणतो की तुम्ही वाईट असतानाही आपल्या मुलांना चांगल्या देणग्या देता, मग स्वर्गातला पिता किती विशेषेकरून देईल. ‘वाईट असतानाही’ हे शब्द माझ्या मते आपल्या मंडळ्यांत फार घाईने वाचले जातात. पृथ्वीवरचे बाप मोडके असतात हे येशूला ठाऊक आहे, आणि पित्याबद्दल सांगताना तो ते लपवत नाही. इब्री लोकांस पत्रात शिस्तीबद्दल जे लिहिलं आहे, ज्याचा आधार घेऊन कदाचित तुमच्या घरी मारही दिला गेला असेल, तिथेही हाच फरक केला आहे: आपल्या बापांनी त्यांना जसं बरं वाटलं तसं थोडे दिवस शासन केलं, पण देव करतो ते आपल्या हितासाठी, आपण त्याच्या पवित्रतेचे भागीदार व्हावं म्हणून. तुमच्या वडिलांना जे बरं वाटलं ते देवाला बरं वाटलं होतं, असं ते वचन कुठेही म्हणत नाही. तो मार म्हणजे देवाची शाळा होती, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ऐकू नका. तेच शास्त्र बापांना सांगतं की मुलांना चिरडीस आणू नका.

मग पिता कसा आहे हे कळायचं कुठून? हा प्रश्न येशूचा शिष्य फिलिप्पाने विचारला होता. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो म्हणाला, प्रभू, आम्हाला पिता दाखवा. येशूचं उत्तर होतं की ज्याने मला पाहिलं आहे त्याने पित्याला पाहिलं आहे. म्हणजे सुरुवात तुमच्या बालपणापासून करायची नाही, येशूपासून करायची. कुष्ठरोग्याला हात लावणारा येशू, लेकरांना हाकलणाऱ्या शिष्यांवर रागावणारा येशू, पाय धुणारा येशू. पिता याहून वेगळा, याच्या मागे लपलेला कोणी कडक माणूस नाही. जुन्या करारातही तो तसाच बोलतो. होशेयच्या 11 व्या अध्यायात तो म्हणतो, मी एफ्राइमाला, म्हणजे माझ्या इस्राएल लोकांना, चालायला शिकवलं, त्यांना आपल्या कवेत घेतलं. यशयाच्या 49 व्या अध्यायात तो आईलाच साक्षीला उभं करतो: आपल्या तान्ह्या बाळाला स्त्री विसरेल काय? एखादी विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही.

लूकच्या 15 व्या अध्यायातली दोन मुलांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल, बहुतेक धाकट्यासाठी. मी ती तुम्हाला थोरल्यासाठी वाचायला सांगते. तो घर सोडून कुठे गेला नाही, त्याने काही उधळलं नाही. पण तो बापाला काय म्हणतो ते ऐका: इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी करतो आहे, तुमची एकही आज्ञा मी मोडली नाही. मुलगा असून तो चाकरासारखा राहिला. तुमच्या पत्रातली ती ओळ वाचताना मला तोच आठवला, ‘मी कधी चुकले नाही, चुकायची हिंमतच नव्हती’ ही. आता बाप काय करतो ते पाहा. त्या घरात सत्ता कोणाची आहे याबद्दल गोष्टीत तिळमात्र शंका नाही. झगा आणा, अंगठी घाला, वासरू कापा, अशा त्याच्या आज्ञा सुटतात आणि चाकर धावतात. पण हाच माणूस धाकट्यासाठी रस्त्यावर धावत जातो, आणि थोरला रुसून बाहेर उभा राहतो तेव्हा त्याला हुकूम सोडत नाही. स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. आपल्याला ऐकू येतं ते ‘बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस, आणि माझं जे काही आहे ते सगळं तुझंच आहे.’ दोन्ही मुलांच्या वागण्याने अपमान पत्करलेला हा बाप दुबळा नाही. त्याची सत्ता पूर्ण आहे आणि हात उगारलेला नाही. तुम्ही लहानपणी हे दोन्ही एकत्र कधी पाहिलं नाहीत, म्हणून ते एकत्र असूच शकत नाही असं वाटतं. पण येशूने पाहिलं होतं. तो त्याच पित्याकडून आला होता.

आता भावाबद्दल.

तो का गेला हे मला माहीत नाही, आणि मला माहीत आहे असं मी भासवणार नाही. पण ‘विश्वास कमी पडला’ असं सांगणाऱ्याचं म्हणणं चूक आहे, हे मी ठामपणे सांगू शकते. वधस्तंभाआधीच्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना मार्कच्या 14 व्या अध्यायात आहे, आणि तिच्यातला ‘प्याला’ म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण: ‘अब्बा, बापा, तुला सर्वकाही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे कर.’ तुम्हाला एकत्र बघवत नाहीत त्या दोन्ही गोष्टी इथे एकाच श्वासात आहेत. आधी बाप, लगेच पुढे ‘तुला सर्वकाही शक्य आहे’. आणि त्यानंतर मागणी, अगदी स्पष्ट, आडपडदा न ठेवता. येशूने ती तीनदा केली. इब्री लोकांस पत्र सांगतं की त्याने मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत विनंत्या केल्या.

आणि प्याला दूर झाला नाही.

ताई, इथे थांबा जरा. पित्याचा सर्वांत प्रिय पुत्र, ज्याच्या विश्वासात तसूभरही उणं नव्हतं, त्याने मागितलं आणि त्याला ते मिळालं नाही. तेव्हा मागितलेलं न मिळणं हा प्रेम कमी असल्याचा पुरावा होऊ शकत नाही, आणि विश्वास कमी असल्याचाही नाही. प्रेषित पौलाने आपल्या देहातल्या काट्याबद्दल, म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासाबद्दल, तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं की पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी, तेव्हा येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? नाही, असं तोच म्हणतो. दुःखाकडे बघून दोषी शोधायची आपली सवय त्याने पुन्हा पुन्हा मोडली आहे. ज्यांनी तुम्हाला तसं सांगितलं त्यांना कदाचित स्वतःचीच भीती घालवायची असेल. पण ते ओझं तुमचं नाही.

‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्याचं काय? ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही, मी सार्वभौम देवावर विश्वास ठेवते. पण ते कोणी, कधी, कोणाला म्हणावं याला शास्त्रात मोठा अर्थ आहे. योसेफ 17 वर्षांचा असताना भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं आणि मग विकलं. फारोपुढे तो उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा होता, आणि मधली वर्षं गुलामीत आणि कैदेत गेली. ‘तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं’ हे उत्पत्तीच्या 50 व्या अध्यायातलं वाक्य त्यानंतरही पुष्कळ वर्षांनी उच्चारलं गेलं, आणि ते योसेफाने स्वतः उच्चारलं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याला कोणी ते ऐकवलं नाही. त्या वाक्यात भावांचा अपराध पुसलाही जात नाही. ‘तुम्ही वाईट योजलं’ हे पूर्ण खरं राहतं. माणसाचं वाईट वाईटच असतं, आणि तरी ते देवाच्या हातातून निसटत नाही. तुमच्या बालपणाबद्दलही मी एवढंच म्हणेन. वडिलांनी केलं ते वाईट होतं. त्याचं पुढे काय होईल हे मात्र वडिलांच्या हातात नाही. आणि त्यात काही चांगलं दिसलं असं कधी म्हणायचं झालं तर ते तुम्हीच म्हणायचं, आपल्या वेळी. नाही म्हणालात तरी चालेल.

येशू स्वतः शोक करणाऱ्यांशी कसा वागला? त्याचा मित्र लाजर मेला तेव्हा लाजराच्या बहिणी त्याच्याकडे आल्या त्या तक्रार घेऊनच, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तुमचंच वाक्य आहे ते. येशूला ठाऊक होतं की थोड्या वेळात तो लाजराला कबरीतून हाक मारणार आहे. तरी तो रडला. ज्याच्या हातात सगळं होतं तोच रडला. सामर्थ्य असलं की अश्रूंची गरज उरत नाही, असं त्याने मानलं नाही. तुमच्या मनातल्या ‘एक तर प्रेमळ, नाही तर सर्वसमर्थ’ या वाटणीला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

चिमण्यांचं वचनही तुम्ही लिहिलंत, की ते आता टोचतं. दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकही तुमच्या पित्याशिवाय जमिनीवर पडत नाही. हो, चिमणी पडते. येशूने ती पडणार नाही असं वचन दिलं नाही. शिष्यांना तो छळ सोसायला पाठवत होता आणि त्यांच्यापैकी पुढे काही मारलेही गेले. तो म्हणतो ते एवढंच की पडतानाही ती पित्याच्या नजरेबाहेर, त्याच्या हाताबाहेर नसते, आणि तुम्ही पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलवान आहात. तुमचा भाऊ त्या शेवटच्या रात्री एकटा नव्हता, यावर मी या वचनाच्या आधारे विश्वास ठेवते.

1563 साली जर्मनीत छापल्या गेलेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या पुस्तकात, 26 वा प्रश्न याच विषयावर आहे. तिथलं उत्तर असं की या दुःखाच्या जगात तो माझ्यावर जे काही संकट येऊ देतो ते तो माझ्या भल्याकडे वळवेल. हे तो करू शकतो कारण तो सर्वसमर्थ देव आहे, आणि करू इच्छितो कारण तो विश्वासू पिता आहे. ‘शकतो’ आणि ‘इच्छितो’, दोन्ही. तुमच्या तडजोडीत ‘इच्छितो’ उरलं आहे, ‘शकतो’ गळून पडलं आहे. ते परत मिळवायला वेळ लागेल, आणि ते वादाने मिळत नाही. पौल रोमकरांस लिहितो की ज्याने आपल्या पुत्राला राखून ठेवलं नाही तो त्याच्यासह आपल्याला सर्वकाही कसं देणार नाही? तो वधस्तंभाकडे बोट दाखवतो. आणि त्याच पत्रात आधी सांगतो की ख्रिस्त पित्याच्या गौरवाने मेलेल्यांतून उठला. बागेत ‘नाही’ म्हणणाऱ्या पित्याने तिसऱ्या दिवशी जे केलं, तेच तुमच्या भावासाठी करण्याचं त्याचं वचन आहे.

आता रोजचं. प्रभूच्या प्रार्थनेत ओठ मिटत असतील तर जबरदस्ती करू नका. बाकीची मंडळी म्हणते तेव्हा ती तुमच्यासाठीही म्हणते. ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ पित्या अशी ती प्रार्थना आहे. एकटं असताना मेंढपाळ म्हणा, खडक म्हणा, आश्रय म्हणा. वधस्तंभावर येशूनेही 22 व्या स्तोत्रातले शब्द घेऊन ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असा टाहो फोडला, आणि त्या हाकेत ‘बापा’ नाही. लूकच्या शुभवर्तमानात त्याचे शेवटचे शब्द ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ असे आहेत. या दोन हाकांच्या मधे जितका काळ तुम्हाला राहावं लागेल तितका राहा. ‘अब्बा, बापा’ ही हाक आपण पवित्र आत्म्याच्या योगे मारतो, असं शास्त्र म्हणतं, म्हणजे ती ओढूनताणून काढायची जबाबदारी तुमची नाही. सध्या 13 वं आणि 27 वं स्तोत्र वाचा, मोठ्याने. 27 व्यात एक ओळ जणू तुमच्यासाठीच लिहिली आहे: माझ्या आईबापांनी मला सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील. आणि लहानपणचा मार अजून स्वप्नात येतो असं लिहिलंत, त्यासाठी समुपदेशकाकडे जा. प्रार्थना आहे तर समुपदेशक कशाला, असं कोणी म्हटलं तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका, फक्त जा.

वडिलांना भेटण्याबद्दल. क्षमा करणं आणि पुन्हा त्यांच्या ताब्यात जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आईबापांचा मान राख ही आज्ञा तुम्हाला भीती वाटते त्या माणसाबरोबर एकटं बसायला भाग पाडत नाही. जायची इच्छा असेल तर दिवसा जा, विश्वासातलं माणूस बरोबर घ्या, आणि किती वेळ बसायचं ते निघण्यापूर्वीच ठरवा. ‘तुमच्या हातचा मार मी विसरले नाही’ हे सांगावंसं वाटलं तर शांतपणे सांगा. ते खोटं नाही आणि उद्धटही नाही. त्यांनी माफी मागितली तर लगेच ‘जाऊ द्या’ म्हणायची घाई नको, ‘मला वेळ लागेल’ एवढं पुरेल. आणि जायची इच्छा नसेल तर आत्ता जाऊ नका. समुपदेशकाशी दोन-चार वेळा बोलणं झाल्यावर पुन्हा विचार करा, त्यांना तोवर पत्र पाठवता येईल. ज्यांनी तुमच्यासमोर ‘विश्वास कमी पडला’ म्हटलं त्यांचा सल्ला मात्र या बाबतीत घेऊ नका. मंडळीत दुसरं कोणी ऐकून घेणारं असेल, पाळकांची पत्नी किंवा एखादी वयस्कर बहीण, तर हे पत्र तिला वाचायला द्या आणि तिलाच बरोबर न्या.